पडद्यामागचं शिक्षण: नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा आणि निर्मिती शिकू पाहणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

निकाल लागले की मला फोन यायला लागतात. बहुतेक फोनची सुरुवात सारखीच असते: "सर, नाटकात जायचंय, पण अभिनयात नाही." त्या 'पण'मध्ये संकोच असतो, जणू काही कमी दर्जाचं मागितलं. मी प्रकाशयोजना करतो आणि नाट्यविभागांमध्ये पाहुणा शिक्षक म्हणून शिकवतो. हा संकोच मला दर वर्षी खटकतो. म्हणून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची मी देत आलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

नेपथ्य म्हणजे सेट लावणंच ना? त्यासाठी विद्यापीठ कशाला हवं?

सेट लावणं हे कसबाचं काम आहे आणि ते करणाऱ्या माणसांकडून मी खूप शिकलो आहे. पण रंगमंचावर काय ठेवायचं आणि काय ठेवायचं नाही, हे ठरवणं वेगळं. ते ठरतं संहितेच्या वाचनातून.

'नेपथ्य' या शब्दाचा प्रवास बघा. नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार आहेत: आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य. आहार्य म्हणजे बाहेरून चढवलेलं सगळं, आणि त्यालाच नेपथ्यकर्म म्हटलं आहे. त्याचेही चार भाग. पुस्त म्हणजे बांबू, कापड, कातडं वगैरेंनी बनवलेले डोंगर, वाहनं, ढाली. अलंकार म्हणजे दागिने, माळा, वस्त्रं. अंगरचना म्हणजे रंगभूषा आणि केशभूषा. सजीव म्हणजे रंगमंचावर येणारे प्राणी. आज आपण नेपथ्य म्हणजे फक्त सेट समजतो. मूळ कल्पनेत मात्र सेट, कपडे आणि रंग एकाच हाताखाली होते आणि मुख्य म्हणजे तो अभिनयाचाच एक प्रकार होता. विद्यार्थ्यांना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो: तुम्ही अभिनयापासून लांब जात नाही आहात, अभिनयाच्या चौथ्या दारातून आत येत आहात.

'एकच प्याला' घ्या. सुधाकर वकील आहे, घर सुखवस्तू आहे. दारूने ते घर उतरणीला लागतं आणि शेवटी सिंधूवर दळणं दळायची वेळ येते. आता ठरवा: पहिल्या अंकात त्या घरात असलेल्या कोणत्या वस्तू शेवटी नसतील? आधी काय गेलं असेल, घड्याळ, खुर्च्या की भांडी? सिंधूने स्वतः शेवटपर्यंत काय जपून ठेवलं असेल? जातं कुठे असेल, दाराशी की आत अंधारात? या प्रश्नांची उत्तरं देणारा माणूस नेपथ्यकार. भिंतीला रंग कोणता द्यायचा, हा प्रश्न त्याच्यानंतरचा.

अभ्यासक्रमात नेमकं काय असतं?

ठिकाणानुसार फरक पडतो, पण गाभा साधारण असा असतो.

सुरुवात मोजमापापासून होते. टेप घेऊन रंगमंच मोजायचा: प्रोसिनियमच्या कमानीची (प्रेक्षकांसमोरच्या चौकटीची) रुंदी, खोली, विंगांमधलं (बाजूच्या आडोशांमधलं) अंतर, बॅटनची (दिवे टांगायच्या आडव्या दांडीची) उंची. मग त्यावरून ग्राउंड प्लॅन काढायचा, म्हणजे वरून दिसणारा नकाशा. त्यानंतर एलिव्हेशन, म्हणजे समोरून दिसणारं रेखाटन, आणि सेक्शन, म्हणजे उभा छेद. सेक्शन मुलांना कंटाळवाणं वाटतं, पण पहिल्या रांगेतल्या माणसाला झालरीच्या वरचे दिवे दिसतात का आणि बाल्कनीतल्या शेवटच्या माणसाला नटाचं डोकं दिसतं का, हे त्यातूनच कळतं.

मग मॉडेल. 1:25 हे प्रमाण जगभर रूढ आहे. त्यात 165 सेंटीमीटर उंचीचा माणूस 6.6 सेंटीमीटरचा होतो. मॉडेलमध्ये तो पुठ्ठ्याचा माणूस उभा केल्याशिवाय मी कुणाचंही काम तपासत नाही. माणूस ठेवला की लगेच दिसतं, दार किल्ल्याचं झालंय की कपाटाचं. आपले सुतार फूट-इंचात विचार करतात, त्यामुळे इथे अर्धा इंच म्हणजे एक फूट हे प्रमाणही चालतं. ते 1:24 होतं, म्हणजे जवळपास तेच. दोन्ही यायला हवीत.

याशिवाय वेशभूषेचा इतिहास, कापडाची ओळख, शिवणाची निदान प्राथमिक माहिती, रंगभूषा, प्रकाश, ध्वनी, रंगमंच व्यवस्थापन, जागतिक आणि भारतीय रंगभूमीचा इतिहास असतो. आणि संहितांचं वाचन, जे सगळ्यात जास्त हवं आणि ज्याला मुलं सगळ्यात कमी वेळ देतात.

दिवस मोठा असतो. सकाळी तास, दुपारी कार्यशाळा, संध्याकाळपासून तालीम. प्रयोगाच्या आठवड्यात घरी जेवायला येईन असं कुणाला कबूल करू नका.

मला चित्रं काढता येत नाहीत. मग?

सुंदर चित्र यायला हवं असं नाही. डोक्यातली गोष्ट दुसऱ्याला कळेल इतकं रेखाटन मात्र यावं लागतं, आणि ते सरावाने येतं. रोज एक वस्तू, पंधरा मिनिटं, वर्षभर काढा. माझ्या ओळखीच्या एका उत्तम नेपथ्यकार बाईंना माणसाचा चेहरा आजही नीट काढता येत नाही. जागेची जाण मात्र त्यांना इतकी आहे की रिकाम्या हॉलमध्ये चार पावलं चालून त्या सांगतात, इथे पलंग बसणार नाही.

महाराष्ट्रात फक्त डिझाइनची पदवी मिळते का?

आपल्या विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी हे शिक्षण नाट्यशास्त्राच्या पदवीचा भाग म्हणून मिळतं. म्हणजे अभिनय, दिग्दर्शन, सिद्धान्त यांच्यासोबत. मला ही उणीव वाटते. इतकी जुनी, रोज प्रयोग करणारी व्यावसायिक रंगभूमी असलेल्या राज्यात नेपथ्य आणि प्रकाशाचं स्वतंत्र, पूर्ण वेळेचं, सुसज्ज शिक्षण असायला हवं. ते होईपर्यंत आहे त्यातून वाट काढावी लागते.

मग कुठे शिकू?

पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. 1987 मध्ये ते सुरू झालं आणि नाटककार सतीश आळेकर यांनी बरीच वर्षं ते सांभाळलं. तिथे नाटकाबरोबर संगीत आणि नृत्यही शिकवतात. डिझाइन शिकणाऱ्याला हा शेजार फार उपयोगी पडतो, कारण नर्तकाला लागणारा प्रकाश नटाला लागणाऱ्या प्रकाशापेक्षा वेगळा असतो. नटाचा चेहरा दिसायला हवा, नर्तकाचं पूर्ण शरीर. म्हणून नृत्यात बाजूच्या विंगांमधून येणारा प्रकाश महत्त्वाचा होतो.

मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स 2003 मध्ये वामन केंद्रे यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाली. तिथला अभ्यासक्रम दोन वर्षांचा, पदव्युत्तर आहे. मुंबईत असल्यामुळे संध्याकाळी चालू नाटकं बघता येतात, हा मोठा फायदा. छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे आणि मराठवाड्यातल्या मुलांच्या किती पिढ्या तिथून रंगभूमीवर आल्या, हे सांगायला नको. गोव्यात पणजीला कला अकादमीत नाटकाचं शिक्षण मिळतं. चार्ल्स कोरिया यांनी रचलेली ती वास्तू जागा, सावली आणि पाणी यांचा विचार कसा करावा, याचा एक पाठच आहे.

दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय हा वेगळा विषय. 1959 मध्ये संगीत नाटक अकादमीच्या छत्राखाली सुरू झालेली ही संस्था 1975 मध्ये स्वायत्त झाली. पुण्यात जन्मलेले इब्राहिम अल्काझी 1962 ते 1977 तिचे संचालक होते. त्यांनी पुराना किल्ल्याच्या पडक्या भिंतींसमोर नाटकं केली आणि जागा हेच नेपथ्य होऊ शकतं, हे दाखवून दिलं. तीन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम आहे. पहिलं वर्ष सगळ्यांना समान असतं, नंतर अभिनय किंवा डिझाइन-दिग्दर्शन हा मार्ग निवडायचा. अलीकडच्या प्रवेशसूचनांमध्ये पदवी आणि किमान सहा नाटकांमधला सहभाग मागितलेला असतो, शिवाय हिंदी आणि इंग्रजी समजावी लागते. विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळते, त्यामुळे घरची परिस्थिती बेताची असेल तरी विचार करा. अटी, तारखा आणि वयोमर्यादा त्या त्या वर्षीच्या सूचनेतच वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

राज्याबाहेर हैदराबाद केंद्रीय विद्यापीठ, बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि त्रिशूरचं स्कूल ऑफ ड्रामा ही नावं डोळ्यासमोर ठेवा. कर्नाटकात हेग्गोडूला नीनासम आहे. ते विद्यापीठ नाही, पण गावात राहून नाटकाचं सगळं काम हाताने करायचा अनुभव तिथे मिळतो.

आणखी एक बाजूची वाट आहे. जे. जे. सारख्या कलामहाविद्यालयातून, वास्तुकलेतून किंवा फॅशनच्या शिक्षणातून आलेली मुलंही नाटकात उत्तम काम करतात. त्यांची रेघ पक्की असते, फक्त नाटक वाचायची सवय नसते. नाट्यविभागातून आलेल्यांचं नेमकं उलटं.

डिझाइन करायचं तर अभिनय शिकावाच लागतो का?

हो. आणि शिकाच. ज्याने एकदा तरी अंधारात, ब्लॅकआउटमध्ये, पाय चाचपडत लेव्हलवरून (सेटमधल्या उंच चौथऱ्यावरून) उतरून विंग गाठली आहे, तो दुसऱ्यासाठी पायरी सात इंचांहून उंच करताना दहा वेळा विचार करतो.

मुलाखतीला पोर्टफोलिओ नसेल तर?

पोर्टफोलिओ म्हणजे महागडी छपाई नव्हे. एक संहिता निवडा. ती वाचताना सुचलेली रेखाटनं, कापडाचे तुकडे, जुने फोटो, रद्द केलेल्या कल्पना, पुठ्ठ्याचं एक कच्चं मॉडेल, असं सगळं घेऊन जा. मुलाखतीत बसलो की मी रद्द केलेली पानं आधी बघतो. इंटरनेटवरून उचललेली चकचकीत चित्रं लगेच ओळखू येतात, कारण 'हे का?' असं विचारलं की समोरचा गप्प होतो.

प्रकाशयोजनेसाठी विज्ञान शाखा लागते का?

लागत नाही, पण विजेचा हिशेब यायलाच हवा. 230 व्होल्टवर 15 अँपिअरच्या एका सॉकेटमधून जास्तीत जास्त 3450 वॅट घेता येतात. म्हणजे हजार वॅटचे पारकॅन (डब्यासारखे रंगमंचाचे दिवे) तीन, चौथा नाही. असे बारा दिवे एकदम लावले तर 52 अँपिअर लागतात. शाळेच्या हॉलमध्ये, लग्नाच्या कार्यालयात, गावच्या स्टेजवर प्रयोग करायचा असेल तर हा हिशेब आधी करायचा, नाहीतर ऐन तिसऱ्या अंकात हॉल काळोखात जातो. एलईडी दिव्यांनी विजेचा भार पुष्कळ कमी केला आहे. पण त्वचेवर पडणारा जुन्या टंगस्टन दिव्याचा उबदार रंग आणि तो मंद होत जाताना येणारी तांबूस झाक विद्यार्थ्यांनी एकदा तरी डोळ्यांनी बघायला हवी. ती पाहिलेली असली की एलईडीवर नेमकं काय साधायचं आहे, ते कळतं.

तंत्राचा पाया सोपा आहे. नटाच्या दोन्ही बाजूंनी, समोरून, साधारण 45 अंशांच्या कोनातून दोन दिवे, एक उबदार आणि एक थंड. अमेरिकेत येल विद्यापीठात शिकवणाऱ्या स्टॅन्ली मॅककँडलेस यांनी ही पद्धत 1932 मध्ये मांडली आणि आजही पहिला धडा हाच असतो. त्यानंतर ती मोडायला शिकायचं.

मोडणं म्हणजे काय, ते कोलकात्याच्या तापस सेन यांच्या कामात दिसतं. 1959 मध्ये मिनर्व्हा थिएटरमध्ये उत्पल दत्त यांनी 'अंगार' केलं. त्यात कोळशाच्या खाणीत पाणी शिरतं आणि कामगार बुडतात. रंगमंचावर पाणी नव्हतंच. पाणी चढत गेलं ते प्रकाशातून. हातात साधनं थोडी होती, पण पाणी अंगावर चढताना माणसाला काय दिसतं याचा विचार पूर्ण होता. मी हे उदाहरण दर वर्षी देतो आणि दर वर्षी वर्गात एक क्षण शांतता पसरते.

'निर्मिती' किंवा 'प्रॉडक्शन' या विषयात काय शिकतात? ते तर निर्मात्याचं काम.

पैसा निर्माता उभा करतो. पण तो पैसा, वेळ आणि माणसं यांची सांगड घालणं हे शिकायचं शास्त्र आहे. आपल्या व्यावसायिक नाटकात सूत्रधार आणि व्यवस्थापक हे काम अनुभवाने करतात: नाट्यगृहाच्या तारखा, जाहिरात, बस, ट्रक, जेवण, नटांच्या वेळा.

आणि रंगमंच व्यवस्थापन हा तर आपल्याकडे सर्वात दुर्लक्षित विषय. रंगमंच व्यवस्थापक पहिल्या तालमीपासून बसतो. कोण कुठून आला, कुठे थांबला, कप कोणत्या हातात होता, हे प्रॉम्प्ट बुकमध्ये लिहितो. प्रयोगात प्रत्येक क्यू (प्रकाश किंवा ध्वनी बदलायचा इशारा) त्याच्या सांगण्यावरून जातो: आधी 'स्टँडबाय', मग 'गो'. इंग्लंड-अमेरिकेत ही शिस्त पक्की आहे. आपल्याकडे बहुतेक वेळा प्रकाशाचा ऑपरेटर नाटक बघत बघत स्वतःच क्यू देतो, आणि कित्येक जण ते अफाट उत्तम करतात. पण तो ऑपरेटर आजारी पडला तर त्याच्या जागी बसणाऱ्याच्या हातात काहीच नसतं, कारण सगळं त्याच्या डोक्यात असतं. लिहिलेलं पुस्तक असेल तर नाटक वाचतं. हा विषय शिकलेल्या मुलांची मराठी रंगभूमीला खरी गरज आहे, असं मला मनापासून वाटतं.

व्यावसायिक नाटकाची आणखी एक अट वर्गात आधीच समजून घ्या. एका नाट्यगृहात दिवसाला तीन सत्रं असतात: सकाळ, दुपार, रात्र. आधीच्या नाटकाचा सेट उतरल्यावर तुमचा चढणार. दिग्दर्शकाला कितीही आवडला तरी जो सेट घडी होत नाही, ट्रकमध्ये मावत नाही आणि दोन-तीन तासांत उभा राहत नाही, तो दौऱ्यावर जाऊ शकत नाही.

विभागाकडे पैसेच नसतात. मग डिझाइन कसं शिकायचं?

दोन नाटकं शेजारी ठेवा. 1962 मध्ये 'तो मी नव्हेच' फिरत्या रंगमंचावर आलं. दृश्यं झपाट्याने बदलावी लागणार होती, म्हणून ते यंत्र हवंच होतं. बरोबर दहा वर्षांनी, डिसेंबर 1972 मध्ये, 'घाशीराम कोतवाल' आलं आणि त्यात माणसांच्या रांगेचाच पडदा झाला. पाठ फिरवली की भिंत, तोंड वळवलं की समाज. दोन्ही उपाय नाटकाच्या गरजेतून आले. दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्येही 1974 पासून जे प्रायोगिक काम झालं, ते मोठ्या खर्चाच्या बळावर नव्हतं.

पण पैसे नसणं चांगलं, असं मी म्हणणार नाही. चालू स्थितीतला डिमर बोर्ड (दिवे मंद-प्रखर करायचं यंत्र), सुतारकामाची खोली आणि शिवणयंत्रं ही विद्यार्थ्यांची हक्काची साधनं आहेत. प्रवेश घेण्याआधी विभागात जा आणि कार्यशाळेची खोली दाखवा म्हणा. तिथल्या करवतीवर धूळ आहे का भुसा आहे, ते बघा. भुसा असेल तर तिथे काम चालतं.

सुरक्षिततेचं शिक्षण मिळतं का?

मिळायलाच हवं. मिळत नसेल तर मागा. विद्यार्थी असताना एका प्रयोगाच्या आधी वरच्या बॅटनवरून एक दिवा खाली आला. त्याला सुरक्षा साखळी लावलेली नव्हती. खाली मैत्रीण उभी होती, ती दोन पावलं बाजूला सरली म्हणून वाचली. साखळी लावायचं काम माझं होतं. त्या दिवसानंतर साखळी नसलेल्या दिव्याखाली मी कुणालाही उभं राहू देत नाही, मग प्रयोगाला उशीर झाला तरी चालेल.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांच्या काळात, 1915 मध्ये उभी राहिलेली ती वास्तू. आपण सगळे रडलो. नाट्यगृह म्हणजे लाकूड, कापड, रंग आणि वीज एकाच छताखाली, हे विद्यार्थ्याने पहिल्या आठवड्यात शिकायला हवं: अग्निशामक कुठे आहे, मुख्य स्विच कुठे आहे, बाहेर पडायची दारं सेटच्या मागे झाकली गेली आहेत का.

मुलींना हे काम झेपतं का? (हा प्रश्न पालक विचारतात.)

झेपतं. ताई-मावशींनो, काकांनो, शिडीवर चढून दिव्यांचा रोख लावणाऱ्या मुली मी वर्षानुवर्षं बघतो आहे. रात्री उशिरा तालीम संपते, तेव्हा घरी जायची सोय आहे का, हे विभागाला जरूर विचारा. तो प्रश्न रास्त आहे. मुलींना न विचारता वेशभूषेकडे ढकलायची सवय मात्र अजून गेलेली नाही. तुमच्या मुलीला सुतारकाम शिकायचं असेल तर तिने ठाम राहावं.

एकांकिका स्पर्धांचा उपयोग होतो का?

खूप. पुरुषोत्तम करंडकात भर लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयावर असतो, पण मोजक्या सामग्रीत जागा कशी उभी करायची, हे तिथे शिकता येतं. फिरोदिया करंडकात तर सगळ्या कला एकत्र येतात. आणि काही मिनिटांत सेट लावून काढायची शिस्त दुसरीकडे कुठे इतक्या लवकर अंगी लागत नाही.

एखाद्या अनुभवी नेपथ्यकाराच्या हाताखाली थेट शिकलं तर? पदवी हवीच का?

मराठी रंगभूमीची परंपराच तशी आहे. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले, ते काही विद्यापीठातून येऊन नव्हे. आजही कित्येक उत्तम प्रकाशयोजनाकार केबल ओढत ओढत तयार झाले आहेत.

फरक इतकाच की हाताखाली शिकताना चूक करायला परवानगी नसते. संध्याकाळी प्रयोग असतो, प्रेक्षकांनी तिकीट काढलेलं असतं. विद्यापीठात पूर्ण सेट हिरवा करून बघता येतो, फसतो, मग सगळे बसून का फसला याची चर्चा करतात. तीन वर्षं असं फसायला मिळणं ही चैन आहे. माझा सल्ला: शिकताना सुट्टीत एखाद्या नाटकाबरोबर दौऱ्यावर जा. दोन्हीकडचं मिळवा.

पोट भरतं का?

फक्त नाटकावर, सुरुवातीची चार-पाच वर्षं, कठीण. खोटं सांगणार नाही. नेपथ्यकाराला एका नाटकाचं मानधन एकदा मिळतं, तर प्रकाश किंवा ध्वनी चालवणाऱ्याला प्रयोगागणिक. म्हणून बहुतेक जण मालिका-चित्रपटांचे कलाविभाग, जाहिराती, संग्रहालयं, प्रदर्शनं, नृत्याचे आणि संगीताचे कार्यक्रम अशी कामं जोडून करतात. ही कामं दुय्यम नाहीत. संग्रहालयात माणसाला एका वस्तूपासून दुसऱ्या वस्तूकडे प्रकाशाने नेणं हे नाटकाइतकंच नाजूक काम आहे. मात्र कामाआधी मानधन लिहून घ्या, ओळखीत असलात तरी.

परदेशात शिकायचं असेल तर?

इंग्लंडमध्ये पदवीपासूनच वाटा वेगळ्या होतात: कुणी फक्त रंगमंच व्यवस्थापन, कुणी प्रॉप्स (नाटकात वापरायच्या वस्तू), कुणी पडदे रंगवणं शिकतो. अमेरिकेत येलच्या नाट्यविद्यालयात 2021 पासून शिक्षण शुल्क माफ आहे. राहण्याचा खर्च उरतोच आणि निवड फार कडक असते. जायच्या आधी इथे दोन-तीन वर्षं काम करा. तिथे तुम्हाला विचारतील की तुमच्या रंगभूमीत प्रश्न कसे सोडवतात, आणि तेव्हा तमाशाची बारी, दशावताराचा बाकडा आणि कीर्तनातली मोकळी जागा तुम्हाला नीट सांगता आली पाहिजे. प्रागला 1967 पासून दर चार वर्षांनी जगभरच्या रंगमंच-रचनेचं मोठं प्रदर्शन भरतं. त्यात विद्यार्थ्यांचंही काम असतं, ते इंटरनेटवर बघा.

कोणतं सॉफ्टवेअर शिकू?

ऑटोकॅड आणि स्केचअप. पण आधी पेन्सिल आणि टेप.

प्रवेशाला अजून सहा महिने आहेत. आत्ता काय करू?

स्वतःची खोली मोजा आणि 1:25 मध्ये तिचा ग्राउंड प्लॅन काढा. दिवसातून चार वेळा त्या खोलीत ऊन कुठे पडतं, ते त्यावर टिपा. एखाद्या नाटकाचा प्रयोग प्रेक्षागृहातून बघा, मग व्यवस्थापकांची परवानगी घेऊन त्याचाच दुसरा प्रयोग विंगेतून बघा, मध्ये न येता, कोपऱ्यात उभं राहून. तिसरी घंटा झाल्यावर पडदा उघडेपर्यंतच्या त्या काळोखात कोण काय करतं, ते घरी येऊन लिहून काढा. मुलाखतीला येताना ती वही सोबत आणा.